गाडी शिकताना पुस्तक कोणतं घ्यावं? सोलापुरातल्या नवशिक्यांसाठी

नवी पेठेत जाऊन "ड्रायव्हिंगचं पुस्तक द्या" म्हटलं की काउंटरवर तीन निरनिराळ्या गोष्टी येऊ शकतात. एक पातळ प्रश्नसंच, मुखपृष्ठावर सिग्नलचं चित्र. दुसरं मोटार वाहन कायद्याचं जाडजूड पुस्तक, जे खरं तर वकिलांच्या कामाचं. आणि तिसरं, नशिबात असेल तर, खरोखर गाडी चालवायला शिकवणारं. तिन्हींवर 'मार्गदर्शक' असंच छापलेलं असतं. बहुतेक जण पहिलंच उचलतात, कारण ते स्वस्त असतं आणि एका बैठकीत वाचून होतं.

माझं मत सरळ आहे. प्रश्नसंचावर पैसे घालू नका, तो सराव सरकारी पोर्टलवर फुकट होतो. कायद्याचा मूळ मजकूरही सरकारी संकेतस्थळांवर फुकट आहे. पैसे घालायचेच तर तिसऱ्या प्रकारावर घाला, पण घेण्याआधी काउंटरवर उभं राहून चार-पाच पानं उघडून बघा. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू द्या. कोणती पानं उघडायची आणि त्यात काय बघायचं, ते क्रमानं सांगतो.

१. आधी लायसन्स कुठलं काढायचंय ते ठरवा

बिनगिअरची दुचाकी, गिअरची दुचाकी आणि हलकं मोटार वाहन, म्हणजे आपली घरची कार, हे तीन प्रकार नवशिक्याच्या कामाचे. बिनगिअरच्या लायसन्सवर गिअरची मोटरसायकल चालवता येत नाही. कारचं तसं नाही. ऑटोमॅटिकवर शिकलात काय किंवा गिअरच्या गाडीवर, लायसन्स एकच. म्हणून कार शिकणाऱ्यानं दोन्ही गाड्यांवर निदान काही पानं असलेलं पुस्तक घ्यावं. आज घरी ऑटोमॅटिक असेल, उद्या मामाची गिअरची गाडी चालवायची वेळ येईल.

दुचाकी शिकणाऱ्यांची पंचाईत वेगळी. 'संपूर्ण ड्रायव्हिंग' असं नाव असलेल्या पुस्तकात दुचाकीला मोजून दोन पानं असतात. त्यात पुढचा आणि मागचा ब्रेक एकत्र कसा लावायचा, वाळूवर किंवा ओल्या रस्त्यावर वळताना ब्रेकचं काय करायचं आणि मागे माणूस बसल्यावर गाडी कशी वेगळी वागते, एवढं तरी आहे का ते बघा. नसेल तर ठेवून द्या.

इथंच पालकांसाठी एक गोष्ट. 'सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं' हे पुस्तकात असतं आणि ते खरंही आहे, पण ते ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीपुरतं, तेही पालकांच्या संमतीनं. घरात उभी असलेली ११० सीसीची स्कूटर त्यात बसत नाही, तिला अठरा वर्षं पूर्ण लागतात. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर कायद्यात पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. कोचिंग क्लासच्या बाहेर संध्याकाळी ज्या गाड्या उभ्या दिसतात, त्यातल्या किती जणांच्या घरी हे पान वाचलं गेलंय, देव जाणे.

२. परीक्षेपुरतं काय लागतं ते फुकटात उरका

लर्निंग लायसन्सचा अर्ज 'सारथी' या सरकारी पोर्टलवर करायचा. आधार जोडलं की परीक्षाही घरबसल्या देता येते. महाराष्ट्रात ही सोय २०२१ पासून आहे. परीक्षेआधी रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ पूर्ण बघावा लागतो. तो चालू ठेवून स्वयंपाकघरात चहा टाकायला जाऊ नका, त्यातलं बरंच काही पुढं विचारलं जातं. सरावासाठी पोर्टलवरच नमुना चाचणी आहे.

परीक्षेत काय विचारायचं हे केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्येच ठरवलेलं आहे: वाहतुकीची चिन्हं, सिग्नल आणि रस्त्याचे नियम, अपघात झाल्यावर चालकाची कर्तव्यं, बिनफाटकाच्या रेल्वे क्रॉसिंगवर घ्यायची काळजी, आणि गाडीत कोणती कागदपत्रं असावीत. पास व्हायला ६० टक्के उत्तरं बरोबर लागतात. ब्रॉडगेजवरची बिनफाटकाची क्रॉसिंग रेल्वेनं बंद केली, तरी पुस्तकात त्यावर पान का असतं, असं वाटेल. तर ते परीक्षेत विचारतात म्हणून. गाडी थांबवायची, बरोबरच्या माणसानं उतरून रुळांपर्यंत चालत जायचं, दोन्ही बाजूंना बघायचं, आणि बरोबर कुणी नसेल तर चालकानं स्वतः उतरायचं, असं कायद्याचं म्हणणं.

सोलापुरात घरी तेलुगू, कन्नड किंवा उर्दू बोलणारी घरं भरपूर आहेत. मराठी बोलता फर्डं येतं, पण वाचताना अडखळायला होतं, असं असेल तर परीक्षा हिंदीत किंवा इंग्रजीत देता येते. फक्त पुस्तक आणि परीक्षा एकाच भाषेत ठेवा. मराठी पुस्तकात 'मार्ग द्या' पाठ करून इंग्रजी पडद्यावर 'गिव्ह वे' दिसलं की माणूस उगाच गडबडतो.

एवढं केलं की परीक्षा निघते. मात्र सात रस्ता चौकात संध्याकाळी साडेसहाला उभं राहिल्यावर या पाठ केलेल्या उत्तरांचा फारसा उपयोग होत नाही. त्यासाठी तिसऱ्या प्रकारचं पुस्तक.

३. पुस्तक किती जुनं आहे, ते मुखपृष्ठावरून ठरवू नका

'नवीन सुधारित आवृत्ती' हे शब्द दरवर्षी छापता येतात, आतला मजकूर तोच राहतो. आतलं पान बघा.

दंडाचं पान उघडा. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्यात २०१९ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि दंडाच्या नव्या तरतुदी १ सप्टेंबर २०१९ पासून केंद्रानं लागू केल्या. विनालायसन्स गाडी चालवण्याचा दंड पुस्तकात ५०० रुपये लिहिलाय? मग ते पुस्तक दुरुस्तीपूर्वीचं. आता कायद्यात तो ५,००० आहे. दारू पिऊन चालवण्याला पहिल्या गुन्ह्यासाठी २,००० लिहिलंय? तेही जुनं, आता १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. रुग्णवाहिकेला किंवा अग्निशमनच्या गाडीला वाट न देण्याचा १०,००० चा दंड तर जुन्या पुस्तकात सापडणारच नाही. एक मात्र लक्षात ठेवा: काही गुन्ह्यांची जागेवर भरायची रक्कम राज्य सरकार वेगळी ठरवतं. म्हणून चौकात हातात पडणारं चलान आणि पुस्तकातला आकडा जुळला नाही, तर लगेच पुस्तकाला खोटं ठरवू नका.

दुसरी खूण म्हणजे लायसन्सची मुदत. 'वीस वर्षं किंवा वयाची पन्नाशी, यातलं जे आधी येईल ते' असं असेल तर ते जुनं. आता तिशीच्या आत लायसन्स काढलं तर ते चाळिशीपर्यंत चालतं. तीस ते पन्नासमध्ये काढलं तर दहा वर्षं.

तिसरी खूण इंजिनाच्या प्रकरणात सापडते. सकाळी चोक ओढून गाडी चालू करा आणि पाच मिनिटं गरम होऊ द्या, असा सल्ला असेल तर तो कार्ब्युरेटरच्या काळातला. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांना चोक नसतो आणि उभ्या-उभ्या गरम करत बसायची गरजही नसते.

चौथी खूण सगळ्यात महत्त्वाची, कारण ती जिवावर बेतणारी: ब्रेकचं प्रकरण. जुन्या पुस्तकात एकदम ब्रेक मारायची वेळ आली तर ब्रेक दाबा-सोडा, दाबा-सोडा असं करायला सांगतात, म्हणजे चाकं जाम होत नाहीत. ज्या गाडीत एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, नाही तिथं ते बरोबर होतं. आता २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, मोटरसायकलींमध्ये १२५ सीसीच्या वरच्यांना. एबीएस असलेल्या गाडीत पाय पूर्ण जोरानं दाबायचा आणि दाबूनच धरायचा. पायाखाली पेडल खडखडतं, दणके बसतात. नवशिक्याला वाटतं काहीतरी तुटलं आणि तो घाबरून पाय उचलतो. उचलायचा नाही. तो खडखडाट म्हणजे एबीएस काम करतंय. हे वाक्य ज्या पुस्तकात आहे ते पुस्तक कुणीतरी गाडी चालवणाऱ्यानं लिहिलंय, असं समजायला हरकत नाही.

आता याची दुसरी बाजू. कायद्याचा भाग शिळा होतो, हातापायाचा भाग होत नाही. क्लच सोडणं, आरसे लावणं, चढावर गाडी उचलणं हे तीस वर्षांपूर्वी जसं होतं तसंच आज आहे. घरातल्या कपाटात काकांचं जुनं पुस्तक असेल, किंवा हिराचंद नेमचंद वाचनालयात चाळताना एखादं हाती लागलं आणि त्यात चालवण्याचा भाग चांगला असेल, तर तो बिनधास्त वाचा. दंड, मुदत, कागदपत्रं आणि ब्रेक एवढी पानं सोडून द्या.

४. चिन्हांचं पान रंगीत हवं

काळ्या-पांढऱ्या छपाईतलं चिन्हांचं पुस्तक फुकट मिळालं तरी घेऊ नका. चिन्हातला अर्धा अर्थ रंगात असतो. लाल काठाच्या गोलात ५० लिहिलं असेल तर त्याहून जास्त वेगानं जायचं नाही. निळ्या गोलात ५० असेल तर त्याहून कमी वेगानं जायचं नाही. काळ्या-पांढऱ्यात दोन्ही जवळपास सारखीच दिसणार.

चांगलं पुस्तक आधी आकार शिकवतं, मग चित्रं. गोल म्हणजे हुकूम, त्रिकोण म्हणजे सावध राहा, चौकोन म्हणजे माहिती. उलटा त्रिकोण एकच, 'मार्ग द्या'. अष्टकोन एकच, 'थांबा'. त्यामुळे चिन्हावर धूळ बसलेली असो, कुणी वाढदिवसाचा फलक बांधलेला असो, नुसत्या आकारावरून अंदाज येतो. हा क्रम नसेल आणि नुसता चित्रांचा तक्ता असेल, तर पाठांतराशिवाय हाती काही लागत नाही. आणि एक जोडी आवर्जून शोधा: निळ्या गोलावर लाल तिरकी रेघ एक असेल तर पार्किंग मना, फुली असेल तर थांबणंसुद्धा मना. हा फरक ओळीत सांगितलेला असेल तर लेखकानं मनापासून काम केलंय.

५. क्लचचं पान मोठ्यानं वाचून बघा

पुस्तक घ्यायचं की नाही, हे मी याच पानावर ठरवीन. दोन नमुने देतो, दोन्ही माझ्या मनचे, पण पहिल्यासारखी वाक्यं छापलेली तुम्हाला सहज सापडतील.

'क्लच पेडल हळुवारपणे मुक्त करून समकालिकपणे प्रवेगक दाबावा, जेणेकरून वाहन गतिमान होईल.'

'क्लच पूर्ण दाबा, पहिला गिअर टाका. आता टाच खाली टेकवून क्लच बोटभर-बोटभर वर येऊ द्या. इंजिनाचा आवाज जड होईल, गाडी थरथरेल, बोनेट किंचित उचलल्यासारखं वाटेल. पाय तिथंच धरा. गाडी सरकायला लागली की थोडा एक्सलेटर द्या, आणि दोन हात पुढं गेल्यावरच क्लच सोडा.'

पहिल्यात एकही शब्द चुकीचा नाही, पण पायाला काय जाणवेल ते कुठंच नाही. दुसऱ्यात आवाज आहे, थरथर आहे, कुठं थांबायचं ते आहे. 'हाफ क्लच, हाफ क्लच' सगळे म्हणतात, पण तो नेमका कुठं असतो ते शिकणाऱ्याला कानानं आणि पायानंच कळतं. पुस्तकानं त्याला कशाकडे लक्ष द्यायचं एवढं सांगितलं तरी क्लासच्या सरांचे पहिले दोन दिवस वाचतात.

याच प्रकरणात पुढं बघा: चढावर गाडी मागे न सरकू देता कशी उचलायची, हँडब्रेक धरून. रेल्वे पुलाच्या चढावर रांग लागते आणि मागची रिक्षा अगदी चिकटून उभी असते, तेव्हा हेच पान आठवतं. गाडी बंद पडली तर क्रमानं काय करायचं, हेही असायला हवं: ब्रेक, क्लच, न्यूट्रल, पुन्हा चालू. मागच्यांनी कितीही हॉर्न वाजवले तरी.

बसण्याची पद्धत, आरसे आणि आरशात न दिसणारा कोपरा यावर चित्र असावं, नुसती वाक्यं पुरत नाहीत. स्टिअरिंगवर हात घड्याळाच्या दहा-दोनवर ठेवा असं जुन्या पुस्तकांत असतं. एअरबॅगच्या गाडीत नऊ-तीन बरं.

६. पुस्तकातला रस्ता आपल्यासारखा आहे का?

काही पुस्तकं आणि फोनवरचे बरेच व्हिडिओ परदेशी मजकुरावर बेतलेले असतात. चित्रात स्टिअरिंग डावीकडे दिसलं, गाड्या उजवीकडून चाललेल्या दिसल्या, की बंद करा. तिथल्या वळणाच्या सवयी इथं उलट्या पडतात. आपल्याकडे डावीकडून चालायचं, उजवीकडून ओव्हरटेक करायचं.

चौकाचं प्रकरण बारकाईनं वाचा. २०१७ पासून लागू असलेल्या चालकांसाठीच्या नियमावलीनुसार गोल चौकात आधीच फिरत असलेल्या गाडीला पहिला मान, आत शिरणाऱ्यानं थांबायचं. सात रस्त्यासारख्या ठिकाणी कुठून कोण येईल याचा नेम नसतो, आणि तिथं पोलिसाचा हात किंवा सिग्नल जे सांगेल ते शेवटचं. पण सिग्नल बंद असला की कुणी थांबायचं हे डोक्यात पक्कं हवं. समोरचा पाळेल याची खात्री नसते, म्हणूनच तर निदान आपल्याला माहीत हवं.

आणि हो, चौकातून सरळ जाताना चारही इंडिकेटर लावायची सवय. आपल्याकडे हे इतकं पसरलंय की काही जण ते शिकवतातसुद्धा. चारही दिवे म्हणजे माझी गाडी अडचणीत उभी आहे. बाजूनं येणाऱ्याला तुमच्या गाडीची एकच बाजू दिसते, त्याला वाटतं तुम्ही त्याच्या दिशेला वळताय. सरळ जाणाऱ्यानं कुठलाच इंडिकेटर लावायचा नसतो. पुस्तकात याबद्दल चार ओळी खडसावून लिहिलेल्या असतील तर दोन गुण जास्त द्या. आणि पुस्तकच तसं करायला सांगत असेल, तर लगेच परत ठेवा.

आतल्या पेठांसाठी पुस्तकात पायी चालणाऱ्यांचा विचार हवा. मधला मारुती, टिळक चौक या भागात गाडी चालवणं म्हणजे क्लच, ब्रेक आणि संयम. माणूस कधीही मध्ये येतो, हातगाडी अचानक वळते, दुचाकीवाला उभ्या-उभ्या फोनवर बोलत असतो. झेब्रावर पायी चालणाऱ्याचा हक्क पहिला, हे तर कायद्यातच आहे. दारावरून उतरणाऱ्यांचंही बघा: उभ्या गाडीचं दार उघडण्याआधी मागं बघा, असं एक वाक्य दुचाकीवाल्यांचे हातपाय वाचवतं.

शहराबाहेर पडलं की गोष्ट बदलते. आपण चारी बाजूंनी राष्ट्रीय महामार्गांवर बसलोय: पुणे-हैदराबाद, तुळजापूरकडचा, विजापूरकडचा, मंगळवेढ्याकडून कोल्हापूरला जाणारा. वेगमर्यादांचं पान चाळा. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार कारला दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कमाल १०० आणि महापालिका हद्दीत ७०. दुचाकीला तिथंच अनुक्रमे ८० आणि ६०. ही कमाल आहे, स्थानिक फलकावर कमी आकडा असेल तर फलक खरा. पण आकड्यांपेक्षा अंतराची पानं मोलाची. ६० च्या वेगानं जाताना गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते, ८० ला २२. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत हा सेकंद संपलेला असतो. त्यानंतर ब्रेक लागायला सुरुवात. वेग दुप्पट झाला की ब्रेकचं अंतर चौपट होतं. हे गणित कोष्टकात मांडलेलं पुस्तक निवडा.

ते कोष्टक कुठं उपयोगी पडतं? आपल्या जिल्ह्यात कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की रात्री रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. ट्रॅक्टरला मागं दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला, आणि मागं लाल रिफ्लेक्टर असेलच असं नाही. समोरून येणाऱ्याचा डिपर खाली आलेला नसतो, त्या उजेडात पुढची ट्रॉली दिसतच नाही. रात्रीच्या प्रकरणात दोन गोष्टी शोधा. समोरच्या दिव्यांकडे न बघता रस्त्याच्या डाव्या कडेच्या पट्टीकडे बघत चाला. आणि आपल्या दिव्याच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो, तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवा. बहुतेक पुस्तकं रात्रीच्या गाडीवर अर्धं पान देऊन मोकळी होतात. माझ्या मते निदान चार पानं हवीत.

वारीच्या दिवसांत पंढरपूरच्या रस्त्यांवर पायी दिंड्या, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या वेळी होम मैदानाभोवती गर्दी आणि बदललेले मार्ग. हे कुठल्याच पुस्तकात मिळणार नाही. त्या दिवसांत पोलिसांच्या सूचना वर्तमानपत्रात येतात, त्या बघा.

७. अपघाताचं पान

हे पान छोटं असतं, चालेल, पण असायलाच हवं. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणं, पोलिसांना कळवणं (जागेवर पोलीस नसतील तर लवकरात लवकर, उशिरात उशिरा २४ तासांत जवळच्या ठाण्यात), विमा कंपनीला कळवणं, ही चालकाची कर्तव्यं कायद्यात आहेत. जमावाकडून मार बसण्याची भीती असेल तर काय, यावरही चांगलं पुस्तक बोलतं. दुसऱ्याच्या अपघातात मदत केल्यावर आपण अडकू, ही भीती अजून लोकांच्या मनातून गेलेली नाही. मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनं कायद्याचं संरक्षण दिलंय. तेही या पानावर आहे का ते बघा.

८. फुकटातलं सर्वात चांगलं पुस्तक डॅशबोर्डच्या खणात आहे

गाडीसोबत आलेलं मॅन्युअल. बहुतेक घरांत ते प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही निघालेलं नसतं. जुनी गाडी घेतली आणि पुस्तक मिळालं नाही, तर कंपनीच्या संकेतस्थळावर शोधून बघा, बऱ्याच गाड्यांचं तिथं मिळतं.

सगळं वाचू नका, झोप येईल. तीन पानं वाचा. पहिलं, लाल-पिवळ्या दिव्यांचं. तेलाच्या झारीचा लाल दिवा लागला तर गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा, 'घरी जाऊन बघू' चालत नाही. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला तर सावकाश गॅरेजपर्यंत जाता येतं. दुसरं, जॅक कुठं लावायचा. चुकीच्या जागी लावला तर पत्रा दबतो, आणि गाडी जॅकवरून घसरली तर त्याहून वाईट. तिसरं, टायरमधली हवा. आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलाही असतो. हवा टायर थंड असताना तपासायची, म्हणजे आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकरच. दुपारी चाळीस डिग्रीत तापलेल्या रस्त्यावरून आलेल्या टायरची हवा जास्तच दाखवते. ती बघून पंपावर हवा कमी करून घेतली की संध्याकाळी टायर मऊ.

विकतच्या पुस्तकात आणि मॅन्युअलमध्ये फरक दिसला, तर तुमच्या गाडीपुरतं मॅन्युअल खरं.

९. पुस्तक आणि क्लास एकत्र चालवा

बऱ्याच जणांना माहीत नसतं: परवाना असलेल्या ड्रायव्हिंग स्कूलकडे काय-काय असावं याची यादीच नियमात आहे. चिन्हांचे तक्ते, इंजिन आणि गिअरबॉक्स दाखवायची सोय, पंक्चरचं सामान, प्रथमोपचार पेटी, आणि त्यातच गाडी चालवायला शिकवणारं मॅन्युअल आणि वाहतूक नियम व रस्ता सुरक्षेवरची पुस्तकं. म्हणजे फी भरण्याआधी "सर, तुमच्याकडचं मॅन्युअल जरा दाखवता का?" असं विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. कुठं कपाटातून काढून दाखवतील, कुठं हसतील. दोन्हींतून क्लास कसा आहे ते कळतं. खासगी कारसाठी प्रशिक्षण कमीत कमी २१ दिवसांचं आणि प्रत्यक्ष गाडी चालवणं कमीत कमी दहा तासांचं, असंही नियम सांगतो. 'पंधरा दिवसांत गॅरंटी' वाल्यांना हे विचारून बघा.

पुस्तक एका रात्रीत संपवू नका. उद्या सकाळी गाडीत जे करायचंय तेवढंच आज रात्री वाचा. उद्या रिव्हर्स आहे? मग रिव्हर्सचं पान. जुळे सोलापूरच्या आतल्या रस्त्यांवर सकाळी सहाला सराव करून आलात की तेच पान पुन्हा उघडा, आता ते वेगळं वाचलं जाईल. समासात पेन्सिलनं लिहा: 'तिसरा टाकताना पाचवा पडतोय', 'डावा आरसा बघायचा राहतोय'. दुसऱ्या दिवशी सरांना तेवढंच दाखवा. शेजारी बसलेल्याला तुमची नेमकी अडचण कळली की शिकवणं निम्म्यानं सोपं होतं. सर आणि पुस्तक यांचं पटत नसेल तर कारण विचारा. "पुस्तकात असंच असतं ओ, रस्त्यावर वेगळं" हे उत्तर ब्रेक आणि इंडिकेटरच्या बाबतीत मान्य करू नका.

घरच्या गाडीवर सराव करत असाल तर शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा, आणि गरज पडली तर गाडी थांबवू शकेल असा बसलेला हवा. पुढं आणि मागं पांढऱ्यावर लाल 'एल'. तो वहीच्या कागदावर स्केचपेननं काढून भागत नाही. पाटी १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर निदान १० सेंटिमीटर उंच. दुचाकीवर लर्निंग असताना मागे मैत्रीण बसवायची नाही, बसलाच तर शिकवणारा.

लर्निंग हातात आल्यावर ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते, आणि लर्निंग सहा महिने चालतं. दुचाकीला आठ काढायचा, कारला रिव्हर्सचा ट्रॅक. ही दोन पानं त्या आठवड्यात रोज वाचा आणि रोज करा. अपॉइंटमेंट सारथीवरच घ्यायची. ती सहाव्या महिन्यावर ढकलू नका, तारीख मिळाली नाही आणि मुदत संपली तर लर्निंग पुन्हा काढावं लागतं.